दादाचं ताट

दादा जाऊन आता सात महिने होतील. भेटायला येणारी माणसं त्याच्या शेवटच्या दुखण्याबद्दल विचारतात आणि मी सांगते. पण माझं मन जातं ते त्याच्या पहिल्या दुखण्याकडे, कारण त्यातून तो घरी आला होता.

स्वातंत्र्य मिळून चार-पाच वर्षं झाली असतील. मी मॅट्रिकच्या वर्गात होते. वडील नव्हते, घरात आईचा शब्द चाले. दादाला क्षय झाला आणि तो आठ महिने मिरजेच्या दवाखान्यात राहिला. नवी इंजेक्शनं तेव्हा नुकतीच मिळू लागली होती. दसऱ्याच्या सुमाराला त्याला घरी सोडलं. "आता याच्यापासून कुणाला धोका नाही," असं डॉक्टरांनी आईला दोनदा सांगितलं. आईनं दोन्ही वेळा मान हलवली आणि घरी आल्यावर त्याच्या ताटाला मागून लाखेचा लाल ठिपका लावला.

दादा बाहेर सोप्यात एकटा जेवायचा, आम्ही बाकीच्या जणी स्वयंपाकघरात. त्याला याचं वाईट वाटत असेल असं मी धरून चालले होते, पण तो आईपेक्षा जास्त भ्यायला होता. आपलं ताट आपणच राखेनं घासायचा. त्याची तीन वर्षांची मुलगी उंबऱ्याशी आली की म्हणायचा, "तिकडंच थांब, बाळ. तिथनंच सांग." मग ती तिथूनच मांजराच्या पिलांच्या गोष्टी ओरडून सांगायची. वहिनी काही बोलत नसे.

वसुबारसेच्या सकाळी गल्लीत कल्हईवाला आला. माझ्या एका हातात पुस्तक होतं, लक्ष त्यात. पितळी ताटं नेऊन दिली, त्यांत दादाचंही गेलं. तासाभरानं सगळी लखलखत परत आली. मी एकेक उलटं करून पाहिलं. ठिपका कुठंच नव्हता.

"अहो, एकावर लाखेची खूण होती की!"

"व्हती की, ताई. जळून गेली भट्टीवर. लाख ऱ्हाती व्हय?"

"मग ते ताट कुठलं?"

"आता काय सांगू! सगळी एकाच आयची लेकरं दिसाय लागल्यात."

आईला सांगायचा धीर झाला नाही. त्यातलंच एक ताट उचलून दादाच्या फळीवर ठेवलं. पुढचे पाच-सहा दिवस घास तोंडात फिरायचा. भाचीच्या पुढ्यातलं ताट मी आधी स्वतःकडे ओढून घ्यायची, जणू मला ओळखता येणार होतं. कुणी शिंकलं तरी दचकायची.

भाऊबीजेला मी पाट मांडला, भोवती रांगोळी काढली. दादा येऊन बसला, पण निरांजन घेऊन मी वाकले तसा मागं सरकला. "लांबनंच ओवाळ. आणि आई, माझं ताट सोप्यातच दे. सणाच्या दिवशी उगाच परीक्षा नको."

तबक हातात तसंच धरून मी रडायला लागले. "तुझं ताट कुठलं तेच कुणाला ठाऊक नाही! वसुबारसेपासून आपण सगळे त्याच ताटांतून जेवतोय."

कल्हईचं सगळं सांगून टाकलं. आईनं प्रत्येक ताट उलटं करून पाहिलं. "पुस्तकात डोकं घाल आणि घर बुडव! शिकून हेच केलंस?" दादाचा चेहरा उतरला. मुलीकडे बोट दाखवत तो वहिनीला विचारत सुटला, "हिला ताप आला का? खोकली का ही?"

"ती ठणठणीत आहे," वहिनी म्हणाली. "आणि मीही. तुम्ही आल्यापासून रोज तुमच्या तांब्यातलं पाणी पिते. आईंची नजर चुकवून, तुमचीही. डॉक्टर काय म्हणाले ते मी ऐकलं होतं."

आई तिच्याकडे वळली. "अगं, मग बोलायचंस तरी!"

"ऐकलं असतं कुणी?"

असं म्हणून तिनं मुलीला उचललं आणि दादाच्या मांडीवर बसवलं. त्यानं दोन्ही हात वर धरले, पिठानं बरबटल्यासारखे. बराच वेळ ते तसेच होते. शेवटी मुलगीच म्हणाली, "हात खाली कर की. दुखतील."

त्यानं केले. आई पदरानं नाक पुसत माझ्यावर खेकसली, "बघत काय उभी राहिलीस? ओवाळ. तूप संपत आलं निरांजनातलं."

दुपारी आम्ही सगळे एका पंगतीला जेवलो. दादा सावकाश जेवत होता, कारण जेवताना बोलायची त्याची सवय मोडली होती आणि मुलगी त्याला गप्प बसू देत नव्हती. त्यानंतर तो कितीतरी वर्षं आमच्यात बसून जेवला, त्याच मुलीची मुलंही त्याच्या मांडीवर बसली. तो गेल्याचं दुःख आहेच. पण एवढी वर्षं मिळाली ती त्या डॉक्टरांमुळं आणि वहिनीमुळं, हे मला विसरता येत नाही. दोघांनाही मी ते कधी बोलून दाखवलं नाही. वहिनीला अजून सांगता येईल.

त्या संध्याकाळी आई अंबाबाईला जाऊन आली. एरवी तिची देवीपाशी मागण्यांची मोठी यादी असे. मी विचारलं, "आज काय मागितलंस?"

"काही नाही," ती चप्पल काढत म्हणाली. "नमस्कार केला आणि आले."