सवतीचा गळा

यंत्राच्या गाभ्यात काय ठेवायचं आणि काय नाही, हे ठरवण्यात त्याची उमेदीची वर्षं गेली. कचेऱ्यांना संगणक पुरवणाऱ्या एका कंपनीत तो कर्नेल बांधायचा. कर्नेल म्हणजे संगणक सुरू झाला की सगळ्यांत आधी जागा होणारा गाभा. कळफलक, पडदा, छपाईयंत्र, प्रत्येकाशी बोलायला त्याला एकेक ड्रायव्हर लागतो. बांधण्याआधी प्रत्येक ड्रायव्हरचं काय करायचं ते सांगावं लागतं: आत घ्या, बाजूला ठेवून गरजेला बोलवा, किंवा नको. दिवसभर तो हेच चाळत बसायचा, म्हणून सगळे त्याला चाळणी म्हणायचे. त्याला ते नाव आवडायचं.

त्याची एक रीत होती. मनात शंका आली की ‘नको’ म्हणायचं नाही, बाजूला ठेवायचं. कुठल्या गावच्या कुठल्या कोपऱ्यात कुणाचं काय अडलं असेल, आपल्याला काय ठाऊक?

एका ड्रायव्हरबद्दल मात्र त्याला शंका नव्हती. तो बोलणाऱ्या डब्याचा होता. पडद्यावरची अक्षरं वाचून दाखवणारा राखाडी रंगाचा जाड डबा. बनवणारी कंपनी कधीच बुडाली होती. तसला एक डबा त्याच्या थोरल्या भावाकडे होता. दादाला लहानपणापासून दिसत नव्हतं. पाणीपुरवठ्याच्या कचेरीत तो चौकशीच्या खिडकीवर बसायचा. लोक तक्रारीचा क्रमांक सांगत, दादा तो टाइप करी, डबा सर्दी झालेल्या माणसासारखा हळू आवाजात वाचून दाखवी आणि दादा स्वच्छ आवाजात लोकांना सांगे. आपण पाहतो ते सगळं दादालाही दिसतं, असंच कितीतरी जणांना वाटायचं.

"दिवसभर तिच्याशी गुलुगुलु, आणि घरी आलं की तोंडाला कुलूप," वहिनी त्या डब्यावरून म्हणायची. "माझी सवत आहे ती."

"सवत असली तरी एका शब्दाने उलट बोलत नाही," दादा म्हणायचा, आणि वहिनी भाजीची परात जरा जोरात आपटायची.

दर नव्या कर्नेलमध्ये चाळणी त्या ड्रायव्हरला गुपचूप बाजूला ठेवायचा. कुणाला सांगितलं नव्हतं. सांगावं लागलंही नव्हतं.

मग नवे साहेब आले. त्यांना गाभा लहान हवा होता. सगळ्यांना खोलीत बसवून भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर त्यांनी एकेक नाव वाचायला घेतलं.

"हे काय? बोलणारा डबा?" साहेब हसले. "म्युझियममधून आणलाय की काय? वापरतं कोण?"

खोलीतले सगळे हसले. चाळणीच्या ओठांवर उत्तर आलं होतं. पण माझा आंधळा भाऊ म्हणायचं, म्हणजे इतकी वर्षं घरचं काम कचेरीत करत होतो असं दिसणार. एवढ्या नावाजलेल्या चाळणीला भोक निघणार.

"कुणी नाही," तो म्हणाला. "राहिलं असेल जुनं काहीतरी."

त्यानेच ‘नको’वर बोट ठेवलं.

मनाशी म्हणाला, दादापुरता त्या ड्रायव्हरचा तुकडा वेगळा बांधून देऊ, त्यात काय मोठं. पण त्याच बैठकीत त्याने आणखी एक पर्याय मोठ्या ऐटीत सुरू केला होता. गाभा बांधताना एक मोहर तयार व्हायची, सगळ्या तुकड्यांवर उमटायची आणि बांधून झालं की पुसली जायची. त्या मोहरेशिवाय गाभा कुठलाच तुकडा आत घेणार नव्हता. "आता बाहेरचं कुणी आत शिरणार नाही," असं तो सगळ्यांना समजावून सांगत होता. समजावण्याच्या भरात दादाचा तुकडा डोक्यातून पार निसटला.

नवा कर्नेल कचेऱ्यांत पोचला, त्या सकाळी दादाचा फोन आला. "अरे धाकट्या, ही बोलेना रे. गळा बसला का बघ."

चाळणी धावत गेला. वायर नीट होती, दिवा लागत होता. निघताना घाईघाईने बांधून आणलेला तुकडा त्याने चढवला. त्यावर ती मोहर नव्हती, यंत्राने नाकारला. पुन्हा चढवला, पुन्हा नाकारला. दार त्याचंच, कडीही त्यानेच घातलेली. खिडकीबाहेर रांग वाढत होती. दादा कळफलकावर बोटं ठेवून बसला होता, आत्ता बोलेल, मग बोलेल म्हणून.

जुना कर्नेल परत घालायची कचेरीला मुभा नव्हती. चाळणी साहेबांकडे गेला.

"तुम्हीच म्हणालात ना, कुणी वापरत नाही?" साहेब म्हणाले. "एका माणसासाठी गाव उठवून सगळा गाभा परत बांधायला लावू?"

"माझा भाऊ आहे, साहेब."

साहेबांनी पुढची फाइल ओढली. "हे तेव्हा सांगायचं. आता पुढच्या वेळी बघू."

पुढच्या वेळेपर्यंत कोण थांबतं? खिडकीवर दुसरा माणूस आला. दादाला आधी बाकावर बसवलं, मग घरी. सोय झाली की बोलावू, असं गोड बोलून पाठवलं.

दादा डबा काखेत मारून आला. घरी चाळणीनेच पूर्वी लावून दिलेला एक जुना संगणक होता, त्यात तो ड्रायव्हर अजून होता. वायर जोडताच डबा सर्दीच्या आवाजात बोलायला लागला.

"बघ, घरात कशी पोपटासारखी बोलते," दादा म्हणाला. "बाहेरच मेलीला लाज."

वहिनी हसली नाही. "भाऊजी," ती म्हणाली, "तुमच्याच कंपनीतून गेलं ना ते नवं? तुम्हाला कुणी विचारलं नाही?"

चाळणी डब्याची जास्तीची वायर गुंडाळू लागला. गुंडाळायला वायर उरली नव्हती, तरी गुंडाळत राहिला.

"त्याला कशाला बोलतेस," दादा म्हणाला. "त्याला विचारलं असतं तर त्याने सांगितलं नसतं का?"

डबा पडद्यावरचं वाचत होता. चाळणीने उठून त्याचा आवाज कमी केला. दादाने चाचपत हात पुढे नेला आणि पुन्हा वाढवला.