पाटीवर मावेल एवढंच

गेल्या हिवाळ्यात माझा आवाज बसला तेव्हा पहिले चार दिवस मी लक्षच दिलं नाही. बत्तीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं, त्यातली निम्मी ओरडण्यात गेली. घसा बसण्याचं मला काही नवल नव्हतं. हळद-दूध झालं, ज्येष्ठमध झाला, गुळण्या झाल्या. मग एका सकाळी तोंड उघडलं आणि नुसती हवा बाहेर आली. जालन्यातल्या डॉक्टरांनी नळी घालून पाहिलं आणि सांगितलं, स्वरयंत्रावर गाठी आल्यात, महिनाभर एक शब्द बोलायचा नाही. कुजबुजसुद्धा नाही. ऐकलं नाही तर ऑपरेशन. माझे यजमान शेजारीच बसले होते. ते डॉक्टरांना म्हणाले, "साहेब, एक महिना जरा कमी होतो. दोन सांगा ना."

बायबलातल्या जखऱ्या याजकाची वाचा गेली तेव्हा त्याला निदान देवदूत तरी दिसला होता. मला नाक-कान-घशाचा डॉक्टर दिसला. असं मी मनात म्हटलं खरं, पण हसू आलं नाही. कारण दोन-तीन आठवड्यांपूर्वी त्याच आवाजानं मी एक काम करून बसले होते, आणि ते माझं आहे हे जालन्यात माझ्याशिवाय कोणालाच माहीत नव्हतं.

आमचा ख्रिस्ती समाज इकडे लहान. सोयरीक जमवताना मुलाकडचे लोक मुलीच्या चर्चमधल्या एखाद्या जाणत्या बाईला गुपचूप विचारून घेतात, पोरगी कशी आहे म्हणून. ती जाणती बाई बहुतेक वेळा मी. गाणारा गट मी चालवते, संडेस्कूल मी घेते, अर्ध्या मंडळीला बाराखडी मीच शिकवली आहे. आमच्याच मंडळीतली मंदा, तिची मुलगी एस्तेर. तिसरीत माझ्या हाताखाली होती, आता एका दवाखान्यात नर्स आहे. तिच्यासाठी वाटूरचं स्थळ आलं. मुलगा शिरीष, वाटूर फाट्यावर मोटार वाइंडिंगचं दुकान, निर्व्यसनी, प्रार्थनेतला. पाहणी झाली, पसंती झाली. मग मुलाची मावशी माझ्याकडे येऊन बसली.

"बाई, तुमी शिकवलंय तिला. पोरगी कशी हाये, खरं सांगा."

"पोरगी सोन्यासारखी आहे," मी म्हटलं. तिथं थांबायला काय झालं होतं? पण मावशी इतकी मान डोलावत ऐकत होती की मला आणखी काहीतरी द्यावंसं वाटलं. "फक्त लहानपणी एकदा वर्गात फिट आली होती. तेवढं सोडलं तर बोट ठेवायला जागा नाही."

चहा पिऊन मावशी गेली. मी कपबश्या विसळल्या आणि विसरून गेले.

आठ दिवसांनी वाटूरहून निरोप आला, सध्या राहू द्या. मध्यस्थाकडून मंदाला कारण कळलं. रविवारी उपासना संपल्यावर ती माझ्याजवळ बसून रडली. "बाई, कोन्या मेल्यानं सांगितलं असंल वं? माझ्या पोरीला जल्मात फिट आली न्हाई. एकदा तुमच्या शाळेत चक्कर येऊन पडली, ती उपाशी व्हती म्हनून. तिचा बाप दवाखान्यात, मी भल्या सकाळी कापूस वेचायला गेल्ते, घरात पीठ नव्हतं." अशी गोष्ट एकदा पसरली की आमच्यात पुन्हा स्थळ येत नाही. शिवाय मुलगी नर्स. फिट येणाऱ्या नर्सच्या हातात सलाईन कोण देणार?

आणि मी काय केलं? मी तिचा हात हातात घेतला आणि मोठ्यानं प्रार्थना केली. ज्या कोणाच्या तोंडून हे गेलं, त्याला प्रभू सद्बुद्धी दे, असं म्हणाले. मंदा आमेन म्हणाली. मीही म्हणाले. त्यानंतर दोनच दिवसांत माझा घसा धरला. शिक्षा होती की नुसत्या गाठी, हे मी सांगू शकत नाही. गाठी होत्या, डॉक्टरांनी दाखवल्या होत्या.

बोलायची सोय नाही म्हणून मी शाळेतली जुनी पाटी काढली. मोबाइलवर लिही म्हणून सगळे सांगत होते, पण मी दोन अक्षरं लिहिली की पुढचं तो फोनच ठरवतो, ते मला खपत नाही. पाटी-पेन्सिल बरी. घरात शांतता पसरली आणि मला माझंच ऐकू यायला लागलं. जीभ हा केवढासा अवयव आणि ठिणगीसारखी केवढं रान पेटवते, हे याकोबाच्या पत्रातलं मी मुलांना चित्र काढून शिकवलं होतं. चित्रात रान होतं, ठिणगी होती. माझं तोंड काढायचं राहिलं होतं. मी मंदाला पत्र लिहायला बसले. चार वेळा लिहिलं, चार वेळा फाडलं. दर वेळी तीन पानं होत आणि दर पानावर माझा खुलासा. मला तसं वाटलं होतं, मी सहज म्हणाले, मावशीनंच खोदून विचारलं, इतकी वर्षं झाली कोण लक्षात ठेवतं. पत्र वाचून कोणालाही वाटलं असतं की अन्याय माझ्यावरच झालाय.

अशात कापणीचा सण आला. त्या रविवारी ज्याच्या शेतात, परसात जे पिकलं असेल त्यातलं तो देवापुढं आणतो. तुरी, ज्वारी, मोसंबी, अंडी, पाय बांधलेल्या कोंबड्या. मी दरवर्षी माझ्या गच्चीवरल्या वेलाचा लाल भोपळा नेते आणि दरवर्षी तो सगळ्यांत मोठा असतो, हे मला सांगावं लागत नाही, लोकच सांगतात. भोपळा मांडीवर घेऊन मी पुढच्या बाकावर बसले होते. पाळकसाहेबांनी येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनातला भाग वाचला: दान घेऊन वेदीपाशी आलास आणि तिथं तुला आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविषयी काही आहे, तर दान तिथंच ठेव आणि आधी जाऊन त्याच्याशी समेट कर. एवढं वाचून ते चष्मा पुसायला थांबले.

मी लगेच पळवाट काढली. मंदाला काही ठाऊकच नाही, म्हणजे तिच्या मनात माझ्याविषयी काही नाही, म्हणजे हे वचन मला लागू नाही. वकिलालाही सुचलं नसतं. तेवढ्यात मागच्या बाकावरून मंदानं पुढं वाकून माझी शाल सारखी केली. खांद्यावरून घसरली होती. आजारी बाईला गार लागेल म्हणून.

मी उठले, भोपळा बाकावर ठेवला, पाटी पिशवीत घातली आणि बाहेर पडले. लोकांना वाटलं बाई मागं गेल्या असतील. मी सरळ बसस्टँडवर गेले.

वाटूरच का, आधी मंदाकडे का नाही, असं यजमानांनी नंतर विचारलं. मंदाकडे जाऊन नुसती माफी मागितली असती तर माझं मन हलकं झालं असतं, एस्तेरचं काही झालं नसतं. कंडक्टरला पाटीवर 'वाटूर' लिहून दाखवलं. मी बहिरी आहे असं समजून तो सगळ्या गाडीला ऐकू जाईल असा ओरडला, "वाटूर! बसा मावशी!" खिडकीशी बसून मी प्रार्थना करायला गेले तर तिथंही शब्द येईनात. बत्तीस वर्षांत मी देवाशीसुद्धा वर्गात बोलावं तसंच बोलत आले होते. त्या दिवशी एवढंच म्हटलं, प्रभू, माझ्याकडे काही नाही, तू बघ.

फाट्यावर उतरले. रविवार म्हणून वाइंडिंगचं दुकान बंद, घर कुठं ते माहीत नाही, विचारायला आवाज नाही. रस्त्याच्या कडेला एक बाई पेरूची पाटी घेऊन बसली होती. मी माझ्या पाटीवर शिरीषचं नाव लिहून ती तिच्यापुढं धरली. तिनं ती उलटी-सुलटी करून पाहिली.

"मला न्हाई वाचता येत माय. मुकी हायेस का?"

मी घशाला हात लावला. तिनं माझ्या तोंडाकडे जरा वेळ पाहिलं. मग पेरू तसेच उघड्यावर टाकून उठली, माझं मनगट धरलं आणि मला समोरच्या मेडिकलमध्ये नेऊन तिथल्या माणसाकडून पाटी वाचून घेतली. नाव ऐकताच ती म्हणाली, "आगं बया, त्यांनी तर आत्ताच दोन किलो पेरू नेले माझ्याकून. पोरगी पाहायला चाललेत परतूरला. गाडी काढून राह्यले. चल, जल्दी चल!"

ती पुढं, मी मागं, अशा आम्ही दोघी त्या गल्लीतून पळालो. माझं वय बासष्ट, तिचंही तेवढंच असेल. जीप दारातून निघाली होती. ती बाई सरळ आडवी उभी राहिली आणि दोन्ही हात वर केले. "थांबा! ही माय जालन्याहून आलीय, बोलता येत न्हाई तिला, आधी तिचं पाहा." एवढं म्हणून ती परत फिरली, कारण पेरू उघडे पडले होते.

मावशी उतरली, शिरीष उतरला. मी जीपच्या बॉनेटवर पाटी ठेवून लिहिलं. 'एस्तेरला फिट आली नव्हती. उपाशी होती, चक्कर आली. मी खोटं सांगितलं.' पुढं 'मला वाटलं' असं लिहायला घेतलं, तर पाटी संपली. ती संपली म्हणून मी आज देवाचे आभार मानते. शिरीषनं मोठ्यानं वाचून दाखवलं.

मावशीचा पारा चढला. "आवो बाई, तुमच्या शब्दावर पोरगी सोडली ना आमी!"

शिरीष शांतपणे म्हणाला, "मंग सांगितलं कशाला?"

आवाज असता तर या प्रश्नाला माझ्याकडे दहा उत्तरं होती. मी पदरानं पाटी पुसली. पेन्सिलीचा तुकडा एवढासा उरला होता. मी लिहिलं, 'मोठेपणासाठी.'

त्यानं तो शब्द मोठ्यानं वाचला नाही. पाटी माझ्या हातात परत दिली, खिशातून फोन काढला आणि परतूरला कळवलं की आज येणं होत नाही, माफ करा. मला तिथंच रडू आलं. बिनआवाजाचं रडणं फार विचित्र दिसतं, मावशीनं घाबरून पाणी आणलं आणि मंदाकडे पुन्हा विचारायला येतो म्हणाली.

परतीला फाट्यावर त्या बाईपाशी थांबले. पेरू जागच्या जागी होते. मी पैसे द्यायला गेले तर तिनं हात मागं घेतला आणि मलाच एक पेरू दिला. तिचं नाव विचारायचं फार मनात होतं, पण लिहिलं तरी तिला वाचता येणार नव्हतं.

संध्याकाळी मंदाच्या घरी गेले आणि पहिली तीच वाक्यं पुन्हा लिहून तिच्यापुढं धरली. मंदा एकेक अक्षर जुळवत वाचते. तेवढा वेळ उभं राहणं ही माझ्या आयुष्यातली सर्वांत लांब उपासना. वाचून झाल्यावर ती उठून आत गेली. एस्तेर ड्यूटीवर निघाली होती. मी पाटी पुसून तिच्यासाठी लिहिलं, 'वाटूरचे पुन्हा येतो म्हणतात.' ती म्हणाली, "बाई, त्यांना येऊ द्या. तुम्ही पण या. तुमच्यासमोरच होऊ द्या."

पुढच्या रविवारी ते लोक आले. मावशीनं हात जोडले, मिठाई ठेवली. एस्तेर समोर बसली आणि तिनं शिरीषला विचारलं, "एक सांगा. मला खरंच फिट येत असती तर?"

 मी जमिनीकडे पाहत होते. हा प्रश्न मला महिनाभरात एकदाही सुचला नव्हता.

 शिरीष म्हणाला, "घाबरलो असतो. खोटं कशाला बोलू? पन मावशीला गावभर विचारायला लावायच्या आधी मी तुमाला विचारायला पायजे व्हतं. ते माझं चुकलं." एस्तेरनं त्याच्याकडे नीट पाहिलं आणि आईला म्हणाली, "चहा ठेव." आमच्याकडे एवढ्यात होकार कळतो. माझ्या छातीवरचं जातं उतरलं.

पाहुणे गेल्यावर मीही उठले. आठवडाभर मंदा माझ्याशी एक शब्द बोलली नव्हती. ती दाराशी आली आणि तिथंच उभी राहिली.

"बाई, लई राग आल्ता तुमचा. आजून हाये थोडा. पन एक सांगते. ती पडली त्या दिवशी पोरगी घरी येऊन म्हनली, बाईनं तोंडावर पानी मारलं आन् त्यांच्या डब्यातली भाकर मला दिली, बाई सोता नुसतं पानी पिल्या. तवापासून नाताळच्या फराळाचं पहिलं ताट तुमच्या घरी येतं. तुमाला काय वाटलं, गाणं शिकवता म्हनून?"

मला खरंच तसंच वाटत होतं. इतकी वर्षं.

महिना संपला, गाठी विरल्या, आवाज परत आला. पूर्वीसारखा चढत नाही; यजमान म्हणतात, देव दयाळू आहे. आता कोणी सोयरिकीचं विचारायला आलं की मी सांगते, मुलीलाच विचारा. लग्न उन्हाळ्यात झालं, मी गायले, दोन स्वर खाली.

त्या मुलीचं पडणं मी सतरा वर्षं नीट जपून ठेवलं होतं, तेही चुकीचं. भाकरीचं मात्र मला काही आठवत नाही, अगदी अजूनही नाही. मी पुष्कळ आठवून पाहिलं. मंदाला आठवते, आणि तिनं मला ती परत दिली. प्रभूनं माझ्यावर केलेली दया मला यापेक्षा सोप्या शब्दांत सांगता येत नाही. त्याचे आभार.