मान सरळ ठेव

परवा चष्म्याचा नंबर काढताना डॉक्टरांनी एक डोळा हातानं झाकायला सांगितला आणि मला पंचवीस-तीस वर्षांपूर्वीची एक सकाळ आठवली. तेव्हा मी नाशकात शाळकरी मुलींना हॉकी शिकवायचो. मैदानावर गवताची काडी नव्हती, धावलं की माती गुडघ्यापर्यंत उडायची. हरसूलकडून वसतिगृहात आलेली एक मुलगी माझी सगळ्यात चांगली खेळाडू होती. तिची एकच सवय मला खटकायची, चेंडू आला की ती मान डावीकडे वळवायची. ‘मान सरळ ठेव,’ म्हणून दोन वर्षं मी तिच्यावर ओरडलो, शिक्षा म्हणून मैदानाला फेऱ्याही मारायला लावल्या. राज्याच्या शिबिरासाठी तिची निवड झाली, म्हणून मी तिला तपासणीला घेऊन गेलो. डॉक्टरांनी तिचा उजवा डोळा झाकला आणि विचारलं, ‘किती बोटं?’ ती गप्पच. मला वाटलं, लाजतेय. ‘अगं, सांग ना,’ मी म्हणालो. ती हळूच म्हणाली, ‘या डोळ्यानं दिसत नाय, सर. लहानपणापासून.’ बाहेर आल्यावर कसंबसं विचारलं, ‘मला का नाही सांगितलंस?’ ‘तुम्ही खेळू दिलं नसतं,’ ती म्हणाली. शिबिर हुकलं. दुसऱ्या दिवशी ती माझ्याआधी मैदानावर हजर होती. मी तिला डाव्या कडेला खेळायला लावलं, म्हणजे सगळं मैदान तिच्या चांगल्या डोळ्यासमोर राहील. पुढची दोन वर्षं ती तिथूनच जिल्ह्यासाठी खेळली. तिनं पहिल्याच दिवशी खरं सांगितलं असतं, तर मी तिच्या हातात स्टिक दिली असती का, असं अजूनही स्वतःला विचारतो. उत्तर ‘नाही’ असंच येतं.