सुतकातला मेहुणा

कागदावर मेलेल्या माणसाचं सुतक पाळणारा माणूस अख्ख्या महाड-पोलादपुरात एकच असेल, आणि तो माझा मेहुणा आहे. आंबेनळी घाटाच्या पायथ्याशी त्याची भातशेती. मुंबईतला त्याचा भाऊ दर महिन्याला एका उडणाऱ्या वीराचं हिंदी कॉमिक धाडतो. मेहुणा ते आंघोळ करून, पाटावर बसून वाचतो. पान उलटताना बोटाला थुंकी लावत नाही. वाचून झालं की अंक छातीशी धरून महाडला येतो आणि माझ्या हातात देतो. असं बावीस वर्षं चाललंय. वीर मेला की हा दहा दिवस दाढी करत नाही, गोड खात नाही, आणि तो वीर आजवर अकरा वेळा मेलाय! एकदा ऐन लग्नसराईत गेला, तर सख्ख्या भाच्याच्या लग्नात हा मांडवाबाहेर उभा राहून अक्षता टाकत होता. शेवटी त्याच्या आईने सगळ्यांदेखत झापलं, "तुझा काका गेला तवा चौथ्या दिशी दाढी केलीस रे! आणि ह्या चड्डीवाल्यासाठी दहा दिस?" हा शांतपणे म्हणाला, "आये, काकाला काकी होती. ह्याला कोण हाय?"

आता माझं सांगतो, कारण लपवून कंटाळलोय. गेल्या सहा वर्षांत मी त्यातला एकही अंक वाचलेला नाही. मुखपृष्ठावरची चित्रं आजही अशी, की पावसातल्या डोंगरावर बोट ठेवलं तर ओलं होईल. पण माझा थोरला भाऊ गेला, आणि मेल्यावर चार अंकांत उठून बसणाऱ्या त्या वीराचा मला रागच यायला लागला. मेहुणा विचारायचा, "कसा वाटला, भावोजी?" मी म्हणायचो, "चित्रं झकास!" ते खोटं नव्हतं, म्हणूनच जास्त बोचायचं.

गेल्या श्रावणात त्याने जुना एक अंक पुन्हा बघायला मागितला. मी कपाट उघडलं. आमच्या दमट हवेत वर्षानुवर्षं न उघडलेली रंगीत पानं एकमेकांना चिकटतात. सहा वर्षांचा गठ्ठा जांभ्याच्या चिऱ्यासारखा हातात आला. मेहुण्याने नखाने एक पान सोडवून पाहिलं. सुटेना.

"भावोजी, हे तुम्ही उघडलंच नाय."

बावीस वर्षांचं येणंजाणं आता संपलं, असं वाटलं. तरी बोललो, "दादा गेल्यापासून वाचवत नाही रे. हा परत येतो, दादा येत नाही."

त्याने गठ्ठा माझ्या हातातून घेतला. मग म्हणाला, "मी तेवढ्यासाठीच वाचतो बघा. एक तरी येतो ना परत." गठ्ठा त्याने हळूच बाजूला ठेवला. "ऱ्हाऊ द्या ह्याचं. दादांचं सांगा. ते मुंबईला, मी शेतात, भेट कुठं झाली?"

दादा गेल्यापासून त्याच्याबद्दल मी घरातसुद्धा कधी बोललो नव्हतो. शाळेत असताना तो म्हशीची शेपटी धरून सावित्री ओलांडायला निघाला आणि म्हैस मध्येच मागे वळली, तिथून सुरुवात केली. चहा घेऊन आलेली बायको दारातच थांबून ऐकू लागली. मेहुण्याची चारची एसटी निघून गेली. त्याला पत्ता नव्हता.

"मग? पुढं काय झालं?" तो सरसावून बसला.

पुढचं मला आठवत होतं. सगळं आठवत होतं.