वैद्याची बोटं

माझ्या मामाला अख्खा बाजार वैद्य म्हणायचा, आणि त्याने आयुष्यात कुणाला खोकल्याची साधी गोळी दिली नव्हती. तो गाड्यांची स्टीअरिंगं दुरुस्त करायचा. बाकीचे मेकॅनिक पहार घालून सांधे उचकटून बघत. मामाला ते बघवत नसे. "गुडघा दुखतो म्हणून कुणी त्यात कुदळ घालतं का?" असं विचारायचा. त्याची रीत वेगळी. गाडी गॅरेजातल्या खड्ड्यावर उभी करायची, आपण खड्ड्यात उतरायचं, आणि चाक वळवणाऱ्या दांड्याच्या टोकाला जो गोल सांधा असतो, त्यावर दोन बोटं नुसती टेकवायची. सीटवर बसलेल्या माणसाने स्टीअरिंग जरासं डावी-उजवीकडे हलवायचं. सांधा झिजला असेल तर बोटांखाली बारीक टक लागते.

सीटवरचं ते माणूस म्हणजे मामी. एकतीस वर्षं. तिला गाडी चालवता येत नव्हती. "इतकी वर्षं गाडीत बसले आणि पोचले कुठेच नाही," असं ती आल्यागेल्याला ऐकवायची. घरात तिच्यापुढे मामाची मान वर होत नसे. गॅरेजात मात्र "हलव" आणि "थांब" एवढंच बोलणं चाले, आणि तेही मामाचंच. बिघाडाचं निदान तोच करणार. त्यात तिने कधी तोंड घातलं नाही.

त्या दिवशी गाडी माझी होती. रस्त्यातल्या खड्ड्यातून गेली की पुढून खडखड यायची, सरळ रस्त्यावर ती एका बाजूला ओढायची, आणि पुढचं डावं टायर आतल्या कडेने खाल्लं गेलं होतं. दुसऱ्या दिवशी दोन्ही मुलांना घेऊन मला घाटातून जायचं होतं.

मामा खड्ड्यात उतरला. "हलव." मामीने हलवलं. त्याने उजवा सांधा बघितला, मग डावा.

"थांब. काही नाही. टायर बदलून घे."

मामी सीटवरून उठली नाही.

"डावीकडचा परत बघा."

"बघितला."

"परत बघा म्हणते ना."

त्याने परत बोटं टेकवली. मी वाकून बघत होते. सांध्यावरची रबराची टोपी शाबूत होती, डोळ्यांना काही दिसण्यासारखं नव्हतंच. मला दिसला तो मामाच्या बोटांवरचा भाजल्याचा डाग.

"ठणठणीत आहे," तो म्हणाला.

"नाही. माझ्या हातात चक्र आधी रिकामं फिरतंय आणि मग चाक वळतंय."

"तुला काय कळतं त्यातलं?"

तो चिडला असता तर मला बरं वाटलं असतं. तो घाबरला होता. मामी स्टीअरिंगवरचे हात न काढता समोरच्या भिंतीकडे बघत बोलली.

"उन्हाळ्यात गरम सायलेन्सरवर तुमचा हात पडला. वास मला आला, तुम्हाला कळलंही नाही. साखरेने बोटं मेलीत तुमची. डॉक्टर काय म्हणाले ते तुम्ही माझ्यापासून लपवलंत. मला कळलंय हे मी तुमच्यापासून लपवलं. गेल्या महिन्यात शाळेच्या मोठ्या बाईंची गाडी तुम्ही पास केलीत. दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या घरी जाऊन सांगितलं, गाडी दुसरीकडे दाखवा."

मला मामीचा राग आला. माझ्यासमोर कशाला, असं वाटलं. मग माझ्या लक्षात आलं की उद्या त्या गाडीत माझी मुलं बसणार होती, आणि माझा राग पार उतरला.

"मनातलं सगळं निघालं?" मामाने खड्ड्यातून विचारलं.

"निघालं. तुमचंही आणि माझंही."

तो वर आला. हात पुसले. "उतर," म्हणाला, आणि स्वतः सीटवर बसला. "जा खाली. दोन बोटं टेकव, दाबू नकोस. काय लागतं ते सांग."

मामी चष्मा सावरत पायऱ्या उतरली. मामाने हलवलं.

"लागतंय," ती खालून म्हणाली. "टक टक."

मग काम सुरू झालं. जॅक लावून चाक काढलं. जुना सांधा सोडवताना त्याचे फेरे मोजायचे आणि नवा तितक्याच फेऱ्यांवर बसवायचा, हा मामाचा दंडक, नाहीतर चाकं भांडलेल्या भावांसारखी दोन दिशांना तोंडं करतात. तो फिरवत होता, ती मोजत होती. अठरा भरले. नवा चढवतानाही अठरा. नट आवळून झाल्यावर त्यातली बारीक पिन त्याच्या हातून दोनदा पडली. तिसऱ्यांदा ती मामीने घातली आणि तिची टोकं वाकवली. मामाने मला अलाइनमेंट करून घ्यायला बजावलं आणि तो खोक्यावर जाऊन बसला.

"मोठ्या बाईंसारखे आणखी किती?"

"ज्यांच्या गाडीतला ढिलेपणा माझ्या हाताला लागला तेवढ्यांना मी सांगितलं. पण वर बसून सगळंच कळत नाही."

"उन्हाळ्यापासूनचे सगळे आठव."

दुसऱ्या दिवशी गॅरेज बंद होतं. मी मुलांना घेऊन घाटातून सुखरूप परतले, तोवर त्या दोघांनी अकरा घरं केली होती. कुणाकडे ते बसले नाहीत. मामा दारातच सांगायचा, "माझ्या बोटांना कळेनासं झालंय आणि मी ते बोललो नाही. गाडी परत आणा. ही तपासेल."

मामी म्हणते, पहिल्या दारात 'ही तपासेल' हे शेवटचं वाक्य त्याच्या तोंडून निघेना. ती नुसती उभी राहिली. तिने मदत केली नाही. घरमालक दार लावायला लागला, तेव्हा मामाने दारावर हात ठेवला आणि ते वाक्य पुरं केलं.