वहिनीने अंगावर घेतलेलं

एम.एस्सी.ला मी पहिल्यांदा वाचलं की वृषणात शुक्रजंतू बनवणाऱ्या बीजपेशींभोवती वाहक प्रथिनांचा पहारा असतो. आत शिरलेलं विष ती परत रक्ताकडे ढकलतात. विष फार झालं, तर पहारा अपुरा पडतो.

मला दादा आठवला. मी शिकावं म्हणून तो दारव्ह्याकडच्या कपाशीत मजुरीने कीटकनाशक फवारायचा. पाठीवरचा पंप गळायचा, म्हणून कमरेला गोणपाट बांधायचा. ते औषधाने भिजून दिवसभर अंगाला चिकटलेलं असे. लग्नाला नऊ वर्षं होऊनही मूल नव्हतं. डोहाळजेवणाला ओटी भरायला वहिनीला कोणी बोलावत नसे.

सुट्टीत मी म्हटलं, "दादा, तू बी तपासून घे."

"मले काय धाड भरली बे?" तो हसला. तरी आला.

रिपोर्टात शुक्रजंतू जवळजवळ नव्हतेच. फवारणीमुळेच, असं डॉक्टरही खात्रीने म्हणाले नाहीत.

वहिनीने तो कागद माझ्याकडून वाचून घेतला. "भाऊजी, कोनाले सांगू नका. लोक तुमच्या दादाले हसतीन. माह्यावरच राहू द्या."

परवा शेजारी डोहाळजेवण होतं. वहिनी दार लोटून तूर निवडत बसली होती. त्या दोघांच्या कष्टावर शिकलेला मी त्या रिपोर्टाबद्दल अजून गप्पच होतो.