दोन अर्ज, एकच अक्षर

सांगलीच्या कॉलेजात मुलींच्या बास्केटबॉल संघाची सहायक प्रशिक्षक म्हणून मला नेमलं, तेव्हा मला बास्केटबॉल येत नव्हता, हे आधीच सांगून टाकते. मी वाईची. खो-खो खेळलेली, शारीरिक शिक्षणाची पदविका घेतलेली, आणि बास्केटबॉलचं मैदान पदविकेच्या वर्षात लांबून पाहिलेली. पण सत्तरच्या दशकात बाईमाणूस सोबत असल्याशिवाय मुलींचा संघ कोणी गावाबाहेर पाठवत नसे. आईबाप संमतीच्या कागदावर सहीच करत नसत. म्हणजे कॉलेजला प्रशिक्षक नकोच होती, एसटीत मुलींच्या शेजारी बसायला कोणीतरी हवी होती. माझ्या पिढीतल्या बऱ्याच जणी या नोकरीत अशाच शिरल्या. आधी सोबतीण, मग सहायक, आणि कोणी निवृत्त झालं किंवा कुठे नवं कॉलेज निघालं तर विभागाची प्रमुख. सहायकाची नेमणूक जूनमध्ये व्हायची आणि एप्रिलात संपायची. मे महिनाभर मी वाईला घरी बसून पुढच्या जूनच्या पत्राची वाट पाहायची, आणि शेजारणी आईला विचारायच्या, पोरीला काढून टाकलं का म्हणून.

आमचे विभागप्रमुख कुस्तीतले. रिंगमध्ये चेंडू टाकण्याला ते खेळ मानत नसत. हजेरीपटावर सही करून ते तालमीकडे जात आणि मैदान माझ्यावर सोडत. पहिल्या दिवशी मी बारा मुलींना रांगेत उभं केलं, शिट्टी वाजवली आणि एकेकीला बॉल घेऊन पळत जाऊन रिंगमध्ये टाकायला सांगितलं. मुली बिचाऱ्या बॉल छातीशी धरून पळाल्या. मैदानाच्या रेघांवर पांढरी फक्की टाकत असलेल्या ग्राउंडमननी हातातली बादली खाली ठेवली, माझ्याजवळ आले, आणि मुलींना ऐकू जाणार नाही इतक्या हळू म्हणाले, "बाई, बॉल हातात धरून पळता येत न्हाई. आपटत न्यावा लागतो."

त्यांना सगळं कॉलेज मामा म्हणायचं. शिपाई, माळी, घंटा देणारा, सगळेच मामा, तसे हेही मामा. मूळचे कवठे महांकाळकडचे, फौजेतून हवालदार होऊन परत आलेले. पलटणीच्या संघातून दहा वर्षं बास्केटबॉल खेळले होते. शिक्षण सातवीपर्यंत, म्हणून कॉलेजने त्यांच्या हातात रोलर, दंताळं आणि फक्कीची बादली दिली. त्यांना हा खेळ येतो का, हे त्यांना कोणी विचारलं नव्हतं. मीही विचारलं नाही, ते त्या दिवशी आपोआप कळलं.

मग आमची एक रीत बसली. पुरुषाने मैदानावर मुलींना ओरडून काही शिकवलेलं कॉलेजच्या मंडळींना खपलं नसतं, आणि ग्राउंडमनने तर नाहीच नाही. म्हणून मामा कडेच्या रेघेवर बादली घेऊन उभे राहायचे, खाली मान घालून हळू बोलायचे, आणि तेच मी मोठ्याने मुलींना सांगायची. "गुडघं वाकवा म्हणावं." मी ओरडायची, गुडघे वाकवा. "त्या उंच पोरीला सांगा, रिंगखाली उगं उभं राहू नगं, तीन सेकंदात भाईर." मी ओरडायची. मुली गेल्यावर मामा मला अर्धा तास शिकवायचे. पळत येऊन दोन पावलांत उडी मारून बॉल बोर्डावर लावायला मला तीन आठवडे लागले. माझा बॉल बोर्डाच्या मागच्या बाजूने जायचा तेव्हाही ते हसले नाहीत. मी त्यांच्या जागी असते तर हसून लोळले असते.

डाव्या हाताची युक्ती त्यांचीच. मुली सगळं उजव्या हाताने करायच्या, आणि समोरच्या संघाला ते दोन मिनिटांत कळायचं. मामांनी मला सांगितलं की प्रत्येकीचा उजवा हात तिच्याच ओढणीने पाठीशी बांधा आणि आठ दिवस तसाच खेळ घ्या. मुली कुरकुरल्या, एक तर रडली, पण महिन्याभरात आमच्या पोरी दोन्ही बाजूंनी पळायला लागल्या. दुसऱ्या कॉलेजांतले शिक्षक मुद्दाम बघायला आले. त्यांनी त्याला बाईंची युक्ती म्हटलं. मामा चार पावलांवर रेघ आखत होते. मी हसले आणि सगळ्यांना चहा सांगितला. आयत्या पिठावर रेघोट्या ओढणं म्हणतात ते हेच, पण तेव्हा मला तसं वाटलं नाही. सारखं ओरडून ओरडून मला ते सगळं माझंच वाटायला लागलं होतं.

चौथ्या वर्षी साताऱ्याला आंतरमहाविद्यालयीन सामने होते. मामा बॉलची गोणी सांभाळायला आमच्याबरोबर आले आणि माझ्या बाकामागे बसले. मी मान जरा मागे वळवली की ते दोन शब्द सांगायचे आणि मी ते मैदानात फेकायची. शेवटच्या सामन्यात ते पाणी प्यायला गेले, तेवढ्यात समोरच्यांनी आठ गुण केले. मी बाकापुढे नुसती उभी होते. ते परत आले, काय करायचं ते म्हणाले, मी ओरडले आणि आम्ही जिंकलो. वर्तमानपत्रात माझा फोटो आला. तो मी वाईला पाठवला, आणि आईने तो शेजारणींना दाखवला.

त्याच उन्हाळ्यात मामा वर्तमानपत्राचं एक कात्रण घेऊन माझ्याकडे आले. साताऱ्याला मुलींचं नवं कॉलेज निघत होतं आणि त्यांना दोन माणसं हवी होती. एक क्रीडा विभागाची प्रमुख, पदवी किंवा पदविका असलेली. दुसरा बास्केटबॉलचा सहायक प्रशिक्षक, आणि त्यापुढे छापलं होतं की अनुभवी उमेदवारास शिक्षणाची अट शिथिल. त्या एका ओळीखाली मामांनी पेन्सिलने रेघ मारली होती. सातवी शिकलेल्या माणसाला प्रशिक्षक म्हणून उभं राहता येईल अशी जाहिरात त्यांनी त्याआधी कधी पाहिली नव्हती, मीही पाहिली नव्हती.

"बाई, तुमच्या अक्षरात माझा बी अर्ज लिवा. माझं अक्षर म्हंजी कोंबडीचं पाय."

मी त्यांचा अर्ज आधी लिहिला. फौजेची नोकरी, पलटणीचा संघ, आणि मग हे वाक्य: गेली चार वर्षे कॉलेजच्या मुलींच्या बास्केटबॉल संघास मी प्रशिक्षण देत आहे. ते लिहिताना मला बरं वाटलं. कोणीतरी खरं लिहितंय असं वाटलं. मामांनी ते दोनदा वाचून घेतलं आणि खाली सही केली. मग मी माझा अर्ज लिहायला घेतला. अनुभवाच्या रकान्यापाशी आल्यावर अडले, आणि त्यांच्या अर्जातलं ते वाक्य जसंच्या तसं माझ्या अर्जात उतरवून काढलं. दोघांनी मिळूनच तर केलं, असं मी स्वतःला सांगितलं. दोन्ही पाकिटं मीच पोस्टात टाकली.

मुलाखतीला आम्ही एकाच एसटीने गेलो. मामांनी फौजेतला कोट घातला होता, भर उन्हाळ्यात. ते पुढच्या बाजूला बसले आणि मी मागे बायकांच्या जागेवर. साताऱ्यात पोचल्यावर मला आधी आत बोलावलं. प्राचार्य होते आणि संस्थेचे दोघे जण. त्यांनी फोटोचं कौतुक केलं, डाव्या हाताची युक्ती विचारली, ती मी नीट समजावून सांगितली. मग प्राचार्यांनी टेबलावर दोन कागद शेजारी शेजारी ठेवले आणि माझ्याकडे वळवले.

अक्षर एकच. वाक्यही एकच, शब्दाचाही फरक नाही.

रागावून नाही, अगदी सहज त्यांनी विचारलं की दोघांचे अर्ज तुम्हीच लिहिलेले दिसतात, तर संघाला नक्की शिकवतं कोण.

हा प्रश्न मी पुढे आयुष्यात हजार वेळा ऐकला आहे, कोणी न विचारता. उत्तर अवघड नव्हतं. मामा शिकवतात, मी त्यांचं ऐकून मुलींना सांगते, आणि आता मलाही बरंचसं येतं. एवढं म्हणाले असते तरी पुरलं असतं. जागा दोन होत्या. माझी पदविकेची जागा मामा घेऊ शकत नव्हते आणि त्यांची मला नको होती. मी खरं बोलले असते तर बहुतेक आम्हा दोघांनाही घेतलं असतं. हे मला नंतर सुचलं असं म्हणायची सोय नाही. त्या खुर्चीत बसल्या बसल्याच मला ते दिसत होतं. पण माझ्या अर्जातलं वाक्य समोर पडलं होतं, तीन पुरुष माझ्या तोंडाकडे बघत होते, आणि नोकरी जाण्यापेक्षा मी उघडी पडेन याचंच भय मला जास्त वाटलं. जनाची लाज एवढी मोठी झाली की मनाची उरलीच नाही.

"मी शिकवते," मी म्हणाले. "मामा फक्की मारतात."

ते खोटं नव्हतं. मामा खरंच फक्की मारत होते. म्हणून तर ते वाक्य इतकं बिनबोभाट उतरलं. वर मी एवढंही जोडलं की माणूस प्रामाणिक आहे, मैदान उत्तम ठेवतो, आणि अर्ज लिहून द्या म्हणाला म्हणून त्याला नाही म्हणवलं नाही. त्याला, म्हणाले मी. समोर मी त्यांना नेहमी अहोजाहो करायची.

मामा आत गेले आणि दोन मिनिटांत बाहेर आले. चेहरा खुललेला होता. सायबांनी कागद बघितला, ठीक हाय म्हणाले, असं त्यांनी मला सांगितलं. परत येताना कराडच्या स्टँडवर गाडी थांबली तेव्हा त्यांनी मला खिडकीतून चहा आणून दिला आणि खाली उभे राहून बोलत राहिले. साताऱ्यात खोली घ्यायची, बायकोला गावाहून आणायचं, पोरींना पहिल्या दिवसापासून डाव्या हातानेच सुरुवात करायची. आणि आता कडेला उभं राहून बोलायचं नाही, मैदानाच्या मधोमध उभं राहायचं, असं म्हणून ते लाजले. पन्नाशीला आलेला माणूस एखाद्या पोरासारखा लाजलेला मी तेव्हाच पाहिला. मी चहा पीत होते. गोड होता, एवढं आठवतं.

मला पत्र आलं, त्यांना आलं नाही. सहायकाच्या जागेवर माझ्यासारखीच एक पदविकावाली मुलगी घेतली, जिला मीच ओरडून ओरडून शिकवलं. चार वर्षांत मामांनी माझ्या डोक्यात घातलेलं मला पुढे सत्तावीस वर्षं पुरलं. माझ्या हाताखालच्या सहायक मुली पुढे दुसऱ्या कॉलेजांत प्रमुख झाल्या, आणि अजून भेटल्या की वाकून नमस्कार करतात. मी पाय मागे घेते. त्यांना तो माझा विनय वाटतो.

साताऱ्याला गेल्यावर दुसऱ्या वर्षी सांगलीचा संघ आमच्याकडे खेळायला आला. तिथे माझ्या जागी नवी बाई होती. ती मैदानात ओरडत होती आणि मधूनमधून मान मागे वळवत होती. बाकामागे मामा बसले होते. त्यांनी आम्हाला चांगलंच हरवलं. सामना संपल्यावर मी ऑफिसात काम आहे असं म्हणून निघाले होते. खरं तर त्यांच्यापासून तोंड लपवायचं होतं. पण मामा गोणी खाली ठेवून माझ्या मागे आले. हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं मोठं गाठोडं होतं.

"बाई, एक सांगायचं ऱ्हाऊन गेलं हुतं," ते म्हणाले. "मुलाखतीला आत गेलो तवा सायेब म्हणलं, तुमच्या बाईंनी सांगितलंय आमाला तुमच्याबद्दल. तवाच कळलं, बाईंनी आपल्यासाठी शब्द टाकला. जागा नशिबात न्हवती, ते सोडा. पर माझ्यासाठी कुणापुढं बोलणारं माणूस आजवर भेटलं न्हवतं."

गाठोड्यात काळी घोंगडी होती. त्यांच्या म्हाताऱ्या आईने घरच्या मेंढरांची लोकर स्वतः कातली होती आणि गावात विणून घेतली होती. साताऱ्याला थंडी लय पडते म्हणून ती माझ्यासाठी मुद्दाम आणली होती.

आजूबाजूला कोणी नव्हतं. मुली नळावर पाणी पीत होत्या. नोकरी कायम झाली होती, आता उघडी पडायचीही भीती नव्हती. खरं सांगायला तेवढी सवड मला पुन्हा कधी मिळणार नव्हती, आणि ते मला कळत होतं.

"त्यात काय एवढं, मामा," मी म्हणाले, आणि घोंगडी घेतली.

ती मी पेटीत ठेवून दिली असती, कोणाला देऊन टाकली असती, तरी सांगायला काहीतरी उरलं असतं. मी ती वापरली. पोवई नाक्याजवळच्या माझ्या खोलीत कितीतरी हिवाळे ती अंगावर घेऊन मी झोपले. लोकर चांगली होती, ऊब यायची आणि मला लगेच झोप लागायची. त्या झोपेची मला सगळ्यात जास्त लाज वाटते.